इस्त्रीचे लंगोट

माझ्या मुलीचे लंगोट इस्त्रीचे असत. हे आज कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "एवढा वेळ होता तुम्हाला?" वेळ मला नव्हताच. वेळ सासूबाईंकडे होता आणि हौससुद्धा त्यांच्याकडेच होती, आणि हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत त्यांचं धुणं दोरीवर पडलेलं असे. दिवे लागायच्या आत सगळ्या घड्या कपाटात. माझ्या बाळाचे लंगोट म्हणजे कोऱ्या कागदाची चळत! मी कपाट उघडायचे आणि उगाचच दोन क्षण बघत उभी राहायचे.

आम्ही खडकीला क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा दारूगोळ्याच्या कारखान्यात होता, त्याच्या आधी सासरे तिथेच होते, त्यामुळे सासूबाईंचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य त्याच चार चाळवजा इमारतींमध्ये गेलेलं. मी नागपूरची. पुण्यात जो तो संगणकाचा क्लास लावत होता त्या दिवसांत मी पदवी घेऊन आले आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटले. माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. लग्नानंतर हे मी सासूबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चुका काढायचा पगार मिळतो? मग मी जन्मभर फुकटच राबले म्हणायची."

बाळंतपण नागपूरला, माहेरी झालं. तिथे दोन महिने मुलगी गुटगुटीत, अंग कसं लोण्यासारखं. मग मी तिला घेऊन खडकीला आले. भरपगारी रजा संपली होती, बिनपगारी चालू होती, घरात एकाच्याच पगारावर सगळं भागवायचं होतं. म्हणून बाजारातून काही आणायचंच नाही असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. त्यांनी जुन्या सुती साड्या काढल्या, तिकोनी लंगोट बेतले, कडांना बारीक टीप मारली, कमरेला बांधायला नाड्या लावल्या. उरलेल्या कापडाची दुपटी केली. खाली घालायला मेणकापड तेवढं विकत आणलं. मला तर इतका आनंद झाला! आपलं पोर आजीच्या साडीत गुंडाळलेलं, याहून श्रीमंती काय असते?

आणि दोनच आठवड्यांत पुरळ उठलं.

आधी नुसती लाली होती. मग बारीक बारीक पुटकुळ्या आल्या, मग मांड्यांवर आणि कुल्ल्यांवर कातडी सोलवटल्यासारखी दिसायला लागली. शू झाली की पोर अशी किंचाळायची, की शेजारच्या बायका दारात यायच्या. मी तापट आहे, रडूबाई नाही. पण त्या दिवसांत मी न्हाणीघरात नळ सोडून रडलेली आहे. एवढासा जीव, त्याला सांगता येत नाही, आणि आपण दिवसभर चुका शोधायचा पगार घेणारी बाई, आपल्याला घरातली चूक सापडत नाही!

शेवटी घरात बैठक बसली. बैठक म्हणजे नवरा, सासूबाई आणि कोपऱ्यावरच्या बूथमधून मी फोनवर ऐकून आलेलं माझ्या आईचं म्हणणं. आई नागपूरहून म्हणाली होती, "आणून दे वं पोरीले इकडं. मी आहो ना. वर्षभर राहू दे, मग घेऊन जाय. तुमच्या पुण्याचं पाणीच लागते तिला." मी हे घरी जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी भुवई वर केली.

"पुण्याच्या पाण्याला नाव ठेवणारं माणूस मी पहिल्यांदा बघतेय," त्या म्हणाल्या.

नवरा बिचारा मध्ये सापडला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं, आणखी रजा मिळणार नाही असं वरिष्ठांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी गेल्यावर मुलगी दिवसभर सासूबाईंकडे राहणार, हे आधी ठरलेलं. पण सोलवटलेलं, दिवसभर कळवळणारं पोर साठीच्या बाईच्या गळ्यात कसं टाकायचं? शेवटी ठरलं ते असं: तोवर पुरळ गेलं तर मुलगी इथेच राहील, नाही गेलं तर आदल्या शनिवारी माझी आई येईल आणि तिला वर्षभरासाठी नागपूरला नेईल. मी हो म्हटलं, पण माझं काळीज तिथेच तुटलं. वर्षभर! तोवर ती रांगेल, बसेल, पाऊल टाकेल, आणि मला ते सगळं फोनवर ऐकू येणार!

मग मात्र मी पदर खोचला. आमच्या कामात एक नियम असतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. सगळं एकदम बदललं की काय लागू पडलं ते कधीच कळत नाही. मी घराचं ऑफिसच करून टाकलं.

आधी पावडर बंद केली. क्वार्टरमधल्या बायका म्हणाल्या, "पावडर नाही? मग बाळाला बाळासारखा वास कसा येणार?" वास नाही आला, पुरळही नाही गेलं. मग साबण बंद करून नुसत्या कोमट पाण्याने मऊ फडक्याने पुसायला सुरुवात केली. मग दर वेळी ओलं होताच लगेच लंगोट बदलायला लागले. दुपारी तिला तासभर तशीच उघडी, दुपट्यावर पालथी ठेवायचे. ती मान उचलून हुंकार भरायची आणि तेवढ्यापुरती एकदम खुशीत असायची. लंगोट बांधला की पुन्हा रडगाणं सुरू.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट बघितलं, जांघेच्या वळ्या उघडून बघितल्या आणि म्हणाले, "वळ्यांमध्ये स्वच्छ आहे, म्हणजे बुरशी वगैरे नाही. जिथे कापड घासतंय तिथेच लाल आहे. कोरडं ठेवा, हवा लागू द्या, हे मलम पातळसर लावा. आठवड्यात उतरलं नाही किंवा पाणी सुटलं तर लगेच घेऊन या." मलमाची ट्यूब एवढीशी, आणि किंमत बघून नवऱ्याने ती पुन्हा खोक्यात अशी जपून ठेवली, जशी काही आजारी बाळ नसून ट्यूबच आहे.

जिथे कापड घासतंय तिथेच! हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं.

त्याच सुमाराला ऑफिसातल्या मैत्रिणी भेटायला आल्या आणि फेकायच्या डायपरचं एक मोठं पाकीट घेऊन आल्या. तेव्हा ही वस्तू आमच्या क्वार्टरमध्ये नवलाची होती. शेजारच्या बायका एकेक करून बघून गेल्या. सासूबाईंनी एक हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाल्या, "पोरीला कागद बांधणार?" पण मला आयतीच संधी मिळाली होती. एका वेळी एकच गोष्ट! लंगोट पूर्ण बंद, डायपर चालू, बाकी सगळं तसंच. आणि काय सांगू, पाकीट संपत आलं तसं पुरळ फिकं पडायला लागलं! मी आनंदाने घरभर नाचले. मग पाकीट संपलं. रोज तसली पाकिटं आणणं आम्हाला परवडण्यासारखं नव्हतंच. पुन्हा लंगोट आले आणि पुन्हा लाल.

म्हणजे चूक लंगोटात होती. पण कुठे? आमच्या लंगोटांसारखे लंगोट सगळ्या खडकीत नव्हते. डाग नाही, वास नाही. मी एकेक लंगोट उजेडात धरून बघायचे आणि मला काहीही सापडायचं नाही. सासूबाई दारातून हे बघायच्या आणि एक दिवस म्हणाल्या, "धुण्यात काही दिसतंय का तुला?" आवाज असा की मी लंगोटाची घडी घातली आणि ठेवून दिली.

मग तो रविवार आला. आई न्यायला यायची होती त्याच्या आधीचा.

दर रविवारी सासूबाई वंदनेला विहारात जायच्या, पांढरी साडी नेसून. विहारात सगळ्याच बायका पांढरं नेसतात, पण सासूबाईंचं पांढरं वेगळं होतं. ओळीत बसल्या की त्यांच्या साडीपुढे बाकीच्या साड्या दुधात पाणी घातल्यासारख्या दिसायच्या. लांबून लांबून बायका विचारायच्या, कोणता साबण वापरता? त्या नुसत्या हसायच्या.

परत आल्या, साडी बदलायला आत गेल्या आणि हाक मारली, "जरा खोबरेल घेऊन ये गं. कमरेला काचलंय."

हे दर रविवारचंच होतं. मी वाटी घेऊन गेले, बोटाला तेल लावलं आणि थबकले. त्यांच्या कमरेवर, निऱ्या खोचतात तिथे, लाल पट्टा उठला होता. त्यावर बारीक बारीक पुटकुळ्या. मी कितीतरी रविवार तिथे तेल लावलं होतं आणि कधी बघितलंच नव्हतं! पण आता हे पुरळ मला तोंडपाठ होतं. हे माझ्या पोरीचं पुरळ होतं!

"आई, ही साडी खळीची आहे ना?"

"मग? बिनखळीची गबाळी नेसून जाऊ विहारात?"

"आणि लंगोट?"

"लंगोटांचं काय?"

"लंगोट खळीत घालता?"

त्या वळल्या. "वेगळी बादली कशाला लागते? पांढरं सगळं एकत्रच असतं माझं. सोड्यात उकळायचं, धुवायचं, निळीत बुडवायचं, मग साबुदाण्याच्या खळीत. तेव्हा कुठे इस्त्री बसते."

तो कडकपणा मी इस्त्रीचा समजत होते! मी ओरडले! हातातली वाटी सांडली, तेल फरशीवर गेलं, बाहेर नवरा दचकून उभा राहिला, पाळण्यातली पोर जागी होऊन रडायला लागली, आणि मी मात्र टाळ्या वाजवत होते. "सापडलं! अहो, सापडलं! आई, तुम्हाला जे काचतं ना, तेच तिला काचतंय! तुम्हाला रविवारी तासभर, तिला चोवीस तास!" आमच्या कंपनीत मी एवढ्या चुका पकडल्या, पण असा आनंद मला कधी झाला नाही.

मग माझं लक्ष सासूबाईंच्या चेहऱ्याकडे गेलं आणि माझ्या टाळ्या थांबल्या.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. साडीचा काठ बोटांनी चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी आई तुझ्याच नागपूरला गेली होती दीक्षेला. पांढरी साडी पाहिजे म्हणून निरोप आला होता. तिच्याकडे कुठली? शेजारणीची जुनी आणली, पिवळी पडलेली. आदल्या रात्री तिनं ती नीळ घालून तीनदा धुतली. सांगायची, जन्मात पहिल्यांदा मी पांढरी दिसले. त्याच्या आधी आम्हाला काय म्हणायचे लोक, तुला सांगायला नको. तेव्हापासून आमच्या घरात मळकं पांढरं दोरीवर जात न्हाई." घरात राग आला किंवा मन भरून आलं की त्यांच्या तोंडी त्यांच्या माहेरच्या गावची बोली यायची.

मी फरशीवरचं तेल पुसायला खाली वाकले. मी मघाशी चूक पकडली म्हणून नाचत होते आणि ती चूक म्हणजे त्यांच्या आईची सगळ्यात अभिमानाची गोष्ट होती.

त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "सुनेला काच दिला न्हाई म्हणून साऱ्या क्वार्टरमध्ये नाव हाय माझं. आणि नातीला दिला होय?"

मग उठल्या. त्या बाईला बसून राहणं माहीतच नव्हतं. कपाटातली ती सगळी कोरी चळत काढली, मोठ्या पातेल्यात उकळायला टाकली आणि मला पाणी भरायला लावलं. खळ निघायला किती पाण्यांतून काढावं लागतं! पाणी बोटांना बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत आम्ही दोघी लंगोट पिळत होतो. मग नुसत्या सौम्य साबणाचं एक पाणी, पुन्हा साध्या पाण्यात दोनदा. नीळ नाही, सोडा नाही, खळ नाही, इस्त्री नाही. हाताने झटकून, चोळून मऊ करायचे. पिळून झाल्यावर त्यांनी एक लंगोट हातात धरून बघितला. खरा रंग आता दिसत होता: जुन्या साडीचा, ताकाच्या निवळीसारखा पिवळट.

आणि इथेच घोडं अडलं.

दोरी होती समोर, सगळ्या इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत. तिथे दिवसभर ऊन. पण तिथे प्रत्येकाचं धुणं प्रत्येकाला दिसतं, आणि सासूबाईंचं धुणं तर बघायलाच लोक बघायचे. त्यांनी बादली उचलली आणि मागच्या गॅलरीत नेली. मागच्या गॅलरीत उन्हाचा कवडसासुद्धा येत नव्हता.

"आई, ऊन लागायला पाहिजे."

"वाळतील इथंच."

वाळत नव्हते. दमट राहायचे, नाड्यांना कुबट वास यायचा. मी ते तव्यावरून, इस्त्रीखालून फिरवून कोरडे करायचे. पुरळ उतरत होतं, पण कासवाच्या पावलाने, आणि शनिवार मात्र धावत येत होता. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांनी तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा काढायची माझी हिंमत झाली नाही. मी ज्या गोष्टीवर बोट ठेवणार होते ती मला आता माहीत होती. मंगळवारी रात्री नवऱ्याने सासूबाईंसमोरच मुलीची बॅग भरायला घेतली. तिची झबली तो इतक्या हळू घडी करत होता, की मला त्याचाही राग आला आणि स्वतःचाही.

बुधवारी सकाळी भोंगा झाला. मी मुलीला घेऊन खिडकीशी आले आणि बघतच राहिले. समोरच्या दोरीवर, अगदी मधोमध, ऐन उन्हात, माझ्या मुलीचे पिवळट लंगोट वाळत होते! चुरगळलेले, मऊ, बिनइस्त्रीचे. एकेकाला दोन दोन चिमटे लावून सासूबाई शेवटचा लंगोट झटकत होत्या. मान ताठ. मी मुलीचे एवढे मुके घेतले की ती वैतागली.

उन्हाने आपलं काम केलं. गुरुवारी लाली अर्ध्यावर आली. शुक्रवारी पुटकुळ्या कोमेजल्या. शू झाली तरी पोर किंचाळली नाही, नुसती कुरकुरली. शनिवारी माझी आई आली, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने नातीचा लंगोट सोडला, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "हे तं बरं झालं वं!" तिच्या आवाजात आनंद होता आणि थोडा हिरमोडही. बिचारीने घरी पाळणासुद्धा टांगून ठेवला होता.

दोघी विहिणी रात्री जेवून गप्पा मारत बसल्या. माझ्या आईची नजर कपाटातल्या पांढऱ्या साडीवर गेली. एवढं पांढरं कसं काय, तिने विचारलं. सासूबाईंनी कधी कुणाला न सांगितलेलं सगळं तिला सांगितलं, आणि ती निघताना निळीची आख्खी बाटली तिच्या पिशवीत घातली. रविवारी आई एकटीच गाडीत बसली.

सोमवारी मी कामाला निघाले. कंपनीची बस हमरस्त्यावर यायची. मुलगी सासूबाईंच्या कडेवर, तिच्या अंगात झबलं, खाली मऊ लंगोट, आणि तोंडात आजीच्या गळ्यातली पोत. माझे डोळे भरून आले होते आणि त्याच वेळी आनंदाने पाय जमिनीवर ठरत नव्हते. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. मी अंगणातून पुढे गेले तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या बाई गॅलरीतून दोरीकडे बघत होत्या. अख्ख्या क्वार्टरला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "काय हो, नीळ संपली वाटतं?"

मी थबकले. मागे वळून बघायची मला भीती वाटली.

सासूबाईंनी मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात उत्तर दिलं.

"नीळ नागपूरला पाठवली. नात ठेवून घेतली."